दातुकांचा उजेड

मलेशियातल्या इपोहच्या त्या बंद सभागृहात शाळकरी मुलांच्या रोबोटची स्पर्धा होती. शाळेतून निवृत्त झालेल्या हस्नाह चिकगू, म्हणजे हस्नाह बाई, तिथे स्वयंसेवक म्हणून पंचाचं काम करत होत्या. पोरांनी सकाळपासून खपून आपापल्या रोबोटला काळ्या रेषेवरून चालायला शिकवलं होतं. पोटाखालच्या इवल्या लाल दिव्यावर रेष ओळखायची, एवढंच त्याचं ज्ञान.

मग दीड तास उशिरा प्रमुख पाहुणे, ‘दातुक’ हा सरकारी किताब मिरवणारे शुक्री आले, आणि त्यांच्यामागून फोटोवाल्याचे दोन भले थोरले दिवे. त्या झगझगाटात पहिला रोबोट भरकटला. दुसराही भरकटला. तिसरा नंबर वेई शानचा होता, तर ती पोर रडकुंडीलाच आलेली.

"बंद करा हो ते दिवे! पोरांचे रोबोट आंधळे झालेत," चिकगू आयोजकावर खेकसल्या.

"चिकगू, जरा सबुरीनं घ्या ना. दातुकांचा फोटो काय अंधारात काढायचा?"

तेवढ्यात दातुकांनी वेई शानच्या खांद्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "बाळा, काही झालं तरी आपली रेष सोडायची नाही!"

चिकगूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सोड गं पोरी तुझा रोबोट," म्हणत त्या तरातरा भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी सरळ मेन स्विचच खाली ओढला.



मिट्ट काळोखात एक लाल ठिपका रेषेवरून चालत जाऊन बरोबर शेवटच्या चौकोनात थांबला. खुर्च्यांवर जाऊन आदळले ते फक्त दातुक.