उशिरा येण्याचा दिवस

सप्टेंबर लागला की कसले कसले दिवस पाळतात मेले! परवा म्हणे देशभर 'उशिरा येण्याचा दिवस' होता. आमच्या वसाहतीने हॉलमध्ये स्पर्धाच ठेवली, सगळ्यांत शेवटी येईल त्याला मिक्सर.

समोर राहणाऱ्या विहीणबाई मला म्हणाल्या, "तुम्ही नावच देऊ नका बाई, तुम्ही तर लग्नालासुद्धा नवरीच्या आधी पोचता. मिक्सर माझाच!"

पाच वाजता त्या सगळ्यांच्या मागून डुलत डुलत आल्या, आणि बघतात तर काय, हॉलला कुलूप आणि अख्खी वसाहत पायऱ्यांवर बसून माझ्या नावाने शंख करतेय.



मी सहाला गेले, कमरेची किल्ली काढली आणि म्हटलं, "सरका विहीणबाई, माझा मिक्सर आत आहे."