कापलेला कोपरा

भाईंदरच्या गाळ्यात द्रावणाचा फवारा तापलेल्या भट्टीत सोडतात आणि थेंबाथेंबाचा सिरॅमिकचा दाणा होतो. त्या पावडरीचे नकली दात बनतात. माल लवकर निघावा म्हणून मालकांनी आच वाढवली, तेव्हाच लॅबमधली संचिता म्हणाली होती, "सर, वरचं कवच आधी सुकतंय, दाणा पोकळ राहतोय. दात तोंडातच फुटेल." पुराव्याला तिने मायक्रोस्कोपखालचा फोटोही दिलेला: मोत्यांसारखे गोल दाणे आणि कोपऱ्यात एक फुटका, अंड्याच्या टरफलासारखा रिकामा. आज तोच फोटो केबिनमध्ये फ्रेम करून टांगलाय. कोपरा तेवढा कापलाय. "काय फिनिशिंग आहे!" माल घ्यायला आलेले शेठ म्हणाले. "आमच्या संचिताची कमाल," मालक हसले. तिथेच उभ्या संचिताचं डोकं फिरलं. "शेठ, दाणे पोकळ आहेत." शेठ दचकलेसुद्धा नाहीत. "माहितेय मॅडम, म्हणून तर स्वस्तात घेतोय. फोटो तेवढा व्हॉट्सअ‍ॅप करा, डेंटिस्टना दाखवायला."