जुनं खातं

विणकाम मंडळातल्या सगळ्याजणी एका बड्या कंपनीची सोशल मीडिया साइट सोडून मंडळाच्या स्वतःच्या सर्व्हरवर गेल्या. मागे राहिली एकटी मार्लिस. शेवटी मंडळातली इंगा डुलुथ शहरातल्या बर्फातून तिच्या घरी आली आणि नवं ॲप तिच्या फोनवर घालून दिलं.

“बघ, जाहिराती नाहीत, मालक नाही, अक्षरंही मोठी. आता ते जुनं खातं बंद कर.”

मार्लिसचं बोट बटणापाशी जाऊन थांबलं. “ब्रिटा तिथे आहे गं.”

“तुझी लेक? बोलते तरी का तुझ्याशी?”

“कसली बोलते! तिने मला कधीचंच ब्लॉक केलंय.”

“मग अडकलीयस कशात, बाई?”

मार्लिसने फोन उपडा ठेवला. “रोज उठले की आधी तेच बघते मी. ज्या दिवशी ती ब्लॉक काढेल, त्या दिवशी मी तिथे नको का?”