ऐकण्याचं वय

“कानांतले बोळे काढल्यावर त्या पिल्लांना ऐकू आलं ना? मग बिघडलं कुठे?” बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

पीएचडीच्या तोंडी परीक्षेला सभागृह भरलं होतं. परीक्षा देणारी मुलगी डगमगली नाही. तिने शांतपणे सांगितलं, उंदरांच्या पिल्लांचे कान उघडतात त्याच दिवसांत तिने त्यांत बोळे बसवले होते. पुढे ते काढले. कान ठणठणीत निघाले, आवाज आत पोचत होता. पण खाऊची सूचना देणारा आवाज कुठला आणि दुसरा कुठला, हे पिल्लांना काही केल्या उमगेना. आवाजातला फरक ओळखायला मेंदू शिकतो तो त्या कोवळ्या दिवसांतच. ज्यांचे बोळे लवकर काढले, ती पिल्लं मात्र बाकीच्यांच्या बरोबरीला आली.

तिच्या मार्गदर्शक बाईंची मान अभिमानाने ताठ झाली. पहिल्या रांगेत मुलीची आई बसली होती, खुर्चीच्या अगदी कडेला. शिवणकाम करणारी बाई. लेकीच्या अंगातला आजचा सदराही तिनेच शिवलेला. तिची नजर लेकीच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती.

“हाच विषय का घेतलास?” परीक्षकांनी पुढे विचारलं.

मुलगी म्हणाली की तिच्या स्वतःच्या कानांच्या वाटा जन्मापासून बंद होत्या. घरचे म्हणत, पोर शांत आहे, मोठी झाली की बघू. आईने कुणाचंच ऐकलं नाही. लेक रांगायला लागायच्या आत तिला दवाखान्यात नेलं, डोक्याला पट्ट्याने बांधायचं, हाडावाटे आवाज आत पोचवणारं ऐकण्याचं यंत्र मिळवलं. मग घरात दिवसभर रेडिओ सुरू. शेजारणींना बोलावून बोलावून ती बाळाशी गप्पा मारायला लावायची.

“आई थांबली असती, तर आज मला तुमचे प्रश्नच कळले नसते.”

टाळ्या थांबेनात. परीक्षक निकाल जाहीर करून खाली उतरले आणि थेट आईपाशी गेले. इतक्या तान्ह्या बाळाचं तुम्हाला कळलं तरी कसं, असं त्यांनी विचारलं.

आईने लेकीकडे पाहिलं. लेकीने तो प्रश्न हातांच्या खुणांनी तिला सांगितला. आईचे हात भराभर चालू लागले आणि लेक ते मोठ्याने सांगत गेली.

“ती म्हणते, बाळ हुबेहूब माझ्यासारखं वागायचं. माझेही कान जन्मापासून बंद होते, ते लग्नानंतर ऑपरेशन करून उघडले. तेव्हापासून आवाज येतात, पण शब्द एकही लागत नाही.”

आईचे हात पुन्हा हलले.

“आणि ती विचारतेय, माझी मुलगी छान बोलली ना?”