अनोळखी भाषा

लेकीने स्वतःची प्रोग्रामिंग भाषा तयार केली, पण तिच्यातला पहिलाच प्रोग्राम अडकला. चूक शोधायला तिने आईने लिहिलेला डीबगर चालवला. आई पडद्यापाशी येऊन उभी राहिली. या नव्या भाषेचा कोड डीबगरच्या ओळखीचा नव्हता, आणि असा कोड दिसला की तो पूर्वी सरळ बंद पडायचा. आईने तो दोष काढला, तेव्हा तिच्या ऑफिसातले साहेब हसले होते, "जन्मालाही न आलेल्या भाषांची कसली काळजी करता, मॅडम?"

पडद्यावर उमटलं, 'भाषा अनोळखी आहे. तपासणी चालू ठेवत आहे.' पाठोपाठ प्रोग्राम अडकलेली ओळ दिसली.

"आई, याला माझी भाषा येत नाही, तरी जागा बरोबर दाखवली!"

खुर्ची जवळ ओढत आई म्हणाली, "मलाही येत नाही गं. शिकवतेस?"