गाळलेली उत्तरं

भाड्याने द्यायची वरची खोली बघायला एक तरुण नर्स आली, तेव्हा प्रमिलाकाकूंनी सरकारी नियमाप्रमाणे घरमालकांना सक्तीचं असलेलं यंत्र कानात घातलं. समोरच्याची जात किंवा धर्म कळेल असा प्रत्येक शब्द ते गाळून टाकायचं.

"आडनाव काय गं तुझं?"

मुलगी काहीतरी बोलली. कानात नुसती शांतता.

काकू कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. "बरं, कुलदैवत कुठलं? आमटीत मसाला कुठला घालता? सणाला घरी काय करता?"

यंत्राने एकेक उत्तर गिळलं. काकू वैतागल्या. "मेलं हे यंत्र! काही म्हणता काही ऐकू येत नाही."

मुलगी शांतपणे म्हणाली, "काकू, तुम्हाला माझी उत्तरं ऐकू येत नाहीत. पण माझ्या कानात यंत्र नाहीये. तुमचे प्रश्न मला सगळे ऐकू आले."

तिने बॅग उचलली.

खोली चार महिने रिकामी होती. काकू गडबडून म्हणाल्या, "अगं थांब, मी कुठे नाही म्हटलं?"

"मी म्हणतेय."

ती जिना उतरली. यंत्र कानातच होतं, तरी तिचं एकेक पाऊल काकूंना स्पष्ट ऐकू आलं.