खड्ड्याचा तळ

"लागला का तळ?" सकाळपासूनचा बाबांचा हा चौथा फोन.

"लागला की सांगते. चहा घेतलात का?"

"चहाचं सोड. पाच फूट. लिहिलंय मी."

काय लिहिलंय ते तिला तोंडपाठ होतं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी बाबांनी इथेच खड्डा खणला आणि पुस्तकात ठोकून दिलं: पाच फुटांवर मुरूम लागला, तोवर शेतीची एकही खूण नाही, म्हणजे इथल्या प्राचीन माणसानं शेती केलीच नाही. शेजारच्या तळ्याच्या गाळात तिला पाच हजार वर्षांपूर्वीच्या जवाचे परागकण सापडले होते. पण बाबा म्हणत, "शेत दाखव," आणि तेच तिच्याकडे नव्हतं. म्हणून बाबांचाच खड्डा ती पुन्हा उकरत होती. आज परवानगीचा शेवटचा दिवस. ती उकिडवी बसे, उठे, पुन्हा बसे.

"तुझे बाबा म्हणजे कामाचे राक्षस," नकाशे काढणारी मैत्रीण वरून म्हणाली.

"राक्षसच! मी झाले तेव्हा चिखलाच्या बुटांनी दवाखान्यात शिरले होते. नर्स म्हणाली, मुलगी बघायचीय की वॉर्ड नांगरायचाय?"

खड्डा बुजवण्याआधी तळाशी तारीख कोरलेला जस्ताचा पत्रा ठेवायचा, ही उत्खननाच्या धंद्यातली जुनी रीत. पुढच्याला कळतं, मागचा कुठवर पोचला होता. ती तोच शोधत होती.

तीन फुटांवरच खुरपं खणकन वाजलं. मातीनं लडबडलेला पत्रा.

तिनं तो उचलला, खालची माती हलकेच ओढली. मुरूम नव्हताच. काळी माती, तीत नांगराच्या आडव्याउभ्या रेघा, आणि जळालेले जवाचे दाणे.

मैत्रिणीनं टाळ्या पिटल्या. तिला मात्र हसू येईना. तिनं फोन लावला.

"बाबा, पत्रा तीन फुटांवर आहे."

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला.

"खालचे दोन फूट तुम्ही खणलेच नाहीत. थाप मारलीत. आणि वीस वर्षं मला खोटं पाडत आलात!"

"घाई होती गं."

"कसली घाई? मग नंतर परत का नाही आलात?"

"नंतर घर सोडून कुठं जावंसंच वाटेना."

"हे काय उत्तर झालं?"

"पत्रा पुसलास का?"

तिनं चिडूनच तो बाहीला घासला. वाकड्यातिकड्या आकड्यांत, खिळ्यानं घाईघाईत कोरलेली तारीख वर आली. तिच्या जन्माची.